अर्ज जातात, फोन येत नाहीत: रेझ्युमेचा साचा कुठे अडतो ते शोधूया

रोज अर्ज टाकतोय, पण एकही फोन नाही. ही तक्रार पुण्यात एमपीएससीचा नाद सोडून नोकरी शोधणारा मुलगा करतो, चाकणला तीन कंत्राटदारांकडे काम केलेला व्हीएमसी (धातूचे सुटे भाग कापणारं संगणकीय मशीन) ऑपरेटर करतो, मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा अकाउंट्सकडे वळू पाहणारी बी.कॉम. झालेली बाई करते आणि सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्याला परतलेला हवालदारही करतो. चौघांची आयुष्यं वेगळी, पण रेझ्युमे मागवून घेतले की चारही कागद एकाच छापाचे निघतात. वर ठळक अक्षरांत नाव, खाली 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'च्या त्याच त्या दोन ओळी, मग दहावी-बारावी-पदवीच्या टक्क्यांचा तक्ता, मग कुठेतरी अनुभव, मग छंद, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' अशी घोषणा, स्थळ-दिनांकासह.

हा साचा कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाचा आहे. डीटीपीच्या दुकानातल्या संगणकावर तो पडून असतो, नाव-पत्ता बदलून दहा मिनिटांत मिळतो, आणि पुढे दहा-पंधरा वर्षं माणूस त्याच कागदाला खालून एकेक ओळ जोडत राहतो. कामाची माहिती त्यामुळे नेहमी तळाशी जाते. दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं.

साचा निवडताना लोक विचारतात, माझ्या डिग्रीला कोणता फॉरमॅट चालेल? त्याऐवजी एवढंच बघा की तुमचा कागद हातात घेतल्यावर समोरच्याच्या मनात तुमच्याबद्दल पहिली शंका कोणती येणार आहे. फ्रेशरबद्दल शंका असते, याला काही करता येतं का? गॅप असलेल्याबद्दल, हा आता तयारीत आहे का आणि टिकेल का? कंत्राटी कामगाराबद्दल, याने नक्की कुठे आणि काय केलं? त्या शंकेचं उत्तर पहिल्या पानाच्या वरच्या भागात देतो तो तुमच्यासाठी योग्य साचा.

आधी दुखणं कुठे आहे ते ओळखा

फोन अजिबातच येत नसेल तर साच्याआधी फाईल तपासायची. ती संगणकाला वाचता येत नसेल, किंवा जाहिरातीत मागितलेले शब्द तिच्यात नसतील.

फोन येतात, पण भलत्याच कामांसाठी येतात? अकाउंटंटला टेलिकॉलिंगचे, मेकॅनिकल डिप्लोमावाल्याला विमा विकण्याचे? मग कागदाच्या वरच्या चार-पाच ओळी तुमचं काम सांगत नाहीत.

फोनवर बोलणं सुरू होतं, 'मधली वर्षं काय केलं?' असा प्रश्न येतो आणि 'कळवतो' म्हणून संपतं. इथे गॅपची मांडणी चुकलेली आहे.

मुलाखत होते, पगाराचं बोलणंही होतं आणि नंतर सगळं थंड पडतं. अशा वेळी रेझ्युमेवरच्या तारखा आणि कागदपत्रांवरच्या तारखा जुळतात का ते आधी बघा. हा मुद्दा पुढे सविस्तर येईल, कारण एमआयडीसीत काम करणाऱ्यांना याचा सगळ्यात जास्त त्रास होतो.

फाईल वाचता येते का?

मोठ्या कंपन्या आणि नोकरीची संकेतस्थळं आलेला रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरमधून काढतात. ते सॉफ्टवेअर नाव, फोन, कंपन्या, पदं, तारखा, कौशल्यं वेगळी करून रकान्यांत भरतं. मग भरती करणारी व्यक्ती त्या रकान्यांवर गाळण्या लावते: अमुक वर्षांचा अनुभव, अमुक मशीन, अमुक शहर, नोटीस पिरियड किती. तुमचा कागद माणसापर्यंत पोचायचा की नाही, हे बऱ्याचदा इथे ठरतं.

तपासणी घरी करता येते. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मजकूर निवडताच येत नसेल तर तो फोटो आहे. कागद स्कॅन करून बनवलेली पीडीएफ अशीच असते, तिच्यातून सॉफ्टवेअरच्या हाती काही लागण्याची खात्री नाही. मजकूर आला पण डावीकडच्या रकान्यातली कौशल्यं उजवीकडच्या कंपन्यांच्या नावांत मिसळली, तर दोन रकान्यांचं ते सुंदर टेम्प्लेट काढून टाका. फोन नंबर गायब झाला, तर तो हेडरमध्ये किंवा चित्राच्या आत आहे, खाली साध्या ओळीत आणा. 'एक्सेल: पाचपैकी चार तारे' असलं काही असेल तर तेही काढा. चार तारे म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'पिव्होट टेबल, व्हीलूकअप, महिन्याचा एमआयएस अहवाल' म्हटलं की कळतं.

सहकारी बँक, पतसंस्था, साखर कारखाना, शिक्षणसंस्था अशा ठिकाणी मराठीत अर्ज जातो. तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तुमच्या दुकानदाराच्या संगणकावर छान दिसतो आणि समोरच्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाईल ईमेलने जाणार असेल तर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या.

नोकरी डॉट कॉमसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट विसरली जाते. भरती करणारे आधी तुमचं प्रोफाइल बघतात, जोडलेली फाईल नंतर उघडतात. फाईल नवी आणि प्रोफाइल चार वर्षांपूर्वीचं, असं असेल तर साचा बदलून उपयोग नाही. दोन्हीकडे पद, तारखा आणि कौशल्यं एकच हवीत.

तीन साचे

पहिला, उलट्या कालक्रमाचा: सध्याचं काम वर, जुनं खाली, प्रत्येकासमोर महिना आणि वर्ष. एकाच क्षेत्रात सलग काम केलेल्या माणसाने दुसरा विचारही करू नये. वाचणाऱ्याला हा सवयीचा आहे आणि सॉफ्टवेअरलाही सोपा जातो.

दुसरा, कौशल्यांवर आधारलेला: 'नेतृत्व', 'संवाद', 'नियोजन' अशा मथळ्यांखाली काय काय येतं ते लिहायचं आणि कंपन्यांची नावं-तारखा तळाशी दोन ओळींत उरकायच्या किंवा गाळायच्या. गॅप असलेल्यांना हाच साचा वापरायचा सल्ला सर्रास मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: निव्वळ असा रेझ्युमे पाठवू नका. भरती करणाऱ्याची नजर आधी तारखा शोधते. त्या दिसल्या नाहीत की 'काहीतरी झाकलंय' हा पहिला विचार येतो, आणि तुमचा गॅप असेल त्यापेक्षा मोठा वाटू लागतो. कोणतं काम कोणत्या नोकरीत केलं हे सॉफ्टवेअरलाही कळत नाही.

तिसरा मिश्र: वर पाच-सहा ओळींत आजचं काम आणि कौशल्यं, नेमक्या शब्दांत, आणि लगेच खाली उलट्या कालक्रमाने सगळा इतिहास, तारखांसह, गॅपसकट. ज्यांची वाट सरळ नाही त्या बहुतेकांचं उत्तर हेच आहे. मात्र वरच्या ओळींतलं प्रत्येक कौशल्य खालच्या एखाद्या नोंदीत सापडलं पाहिजे. 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर' हे शब्द कुठेच सापडणार नाहीत, म्हणून ते वरही नकोत.

कंत्राटी कामगार: सात महिने इथे, नऊ महिने तिथे

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठेही जा. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला मुलगा कंपनीत काम करतो, पण पगार कंत्राटदाराचा. सहा-सात महिन्यांनी ब्रेक, मग दुसरी कंपनी. कोणी अप्रेंटिस होता, कोणी नीम या सरकारी प्रशिक्षण योजनेतला ट्रेनी. तीन-चार वर्षांत पाच नोंदी होतात आणि उलट्या कालक्रमात मांडल्या की मुलगा धरसोड करणारा वाटतो. त्याने मात्र त्या काळात एकच काम सलग केलेलं असतं, आणि खरं तर तेच त्याचं बळ आहे.

अशांनी सगळा काळ एका मथळ्याखाली आणावा. मथळा असा: 'व्हीएमसी ऑपरेटर-सेटर (कंत्राटी), चाकण व तळेगाव, जून २०२१ ते मार्च २०२४'. त्याखाली एकेका ओळीत कंपनी, कंसात कंत्राटदाराचं नाव आणि महिने. कंपनीचं नाव लिहून कंत्राटदार लपवू नका. कंपनीच्या एचआरला फोन गेला तर 'या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नव्हता' असं उत्तर येईल, आणि तेही खोटं नसेल. उलट फक्त कंत्राटदाराचं नाव लिहिलं तर तुम्ही कुठल्या मशीनवर उभे होता हे कुणालाच कळणार नाही. दोन्ही नावं हवीत.

शॉपफ्लोअरवरचा माणूस रेझ्युमे बघतो तेव्हा त्याला एकच गोष्ट आधी हवी असते: सेटिंग येतं की फक्त ऑपरेटिंग? 'सीएनसी-व्हीएमसीचा अनुभव' या ओळीतून ते कळत नाही. कंट्रोल कोणता, फॅनुक की सिमेन्स? जॉब कोणता, ॲल्युमिनियम हाउसिंग की कास्ट आयर्न? ऑफसेट स्वतः देता का, टूल बदलता का, पहिला पीस स्वतः तपासता का? बोअर गेज, मायक्रोमीटर, हाइट गेज यातलं काय हाताळलंय? तिन्ही शिफ्ट चालतील का? हे पाच ओळींत लिहा. हा कागद इतरांपेक्षा वेगळा दिसेल, कारण बाकीच्यांनी 'फाइव्ह एस आणि कायझेनची माहिती' लिहून सोडून दिलेलं असतं.

अप्रेंटिसशिप केली असेल तर ती शिक्षणाच्या तक्त्यात पुरू नका, अनुभवात घ्या. ट्रेड, कंपनी, काळ आणि शेवटची परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र, असं सगळं एका नोंदीत बसतं.

आता तारखा. पीएफ कापला गेला असेल तर तुमच्या यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक) खाली कोणत्या आस्थापनेत कधी लागलात आणि कधी सोडलंत याची नोंद ईपीएफओकडे, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेकडे असते. पडताळणीच्या वेळी बऱ्याच कंपन्या हीच नोंद मागतात. म्हणून रेझ्युमे लिहिण्याआधी ईपीएफओच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'सर्व्हिस हिस्ट्री' बघा आणि तारखा तिथून उतरवा. कंत्राटदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही, असं खूप वेळा आढळतं. मग नोंदीनुसार तुम्ही अजून जुन्या ठिकाणीच आहात आणि नव्या कंपनीला एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात. शेवटचा पीएफ भरल्याला दोन महिने उलटले असतील तर ही तारीख सदस्याला स्वतः ऑनलाइन टाकता येते. आधी हे करा. आणि मधले दोन-तीन महिने झाकायला तारखा ताणू नका. दोन महिन्यांच्या ब्रेकमुळे एमआयडीसीत कुणी नाकारत नाही, न जुळणाऱ्या तारखेमुळे आलेली ऑफर जाते.

घरासाठी थांबलेली बाई परत येते तेव्हा

समजा २०१६ साली सांगलीच्या एका फर्ममधून अकाउंटंटची नोकरी सोडली, आता पुन्हा सुरू करायची आहे. जुना रेझ्युमे उघडला तर त्यात व्हॅट, सर्व्हिस टॅक्स, टॅली ईआरपी ९. वाचणाऱ्याची शंका 'सात-आठ वर्षं घरी का होतात' ही नाही, ते त्याला कळतं. त्याची शंका ही, की जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला आणि या बाईंनी तो नोकरीत असताना पाहिलेलाच नाही. यांना जमेल का?

म्हणून मिश्र साचा, आणि वरच्या ओळींत थेट उत्तर: टॅली प्राइममध्ये एंट्री, जीएसटीची विवरणपत्रं (जीएसटीआर-१ आणि ३बी), २बीशी खरेदीचा मेळ, ई-वे बिल, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन. हे खरोखर येत असेल तरच लिहायचं. येत नसेल तर साच्याने काम होणार नाही. आधी एखाद्या कर सल्लागाराकडे दोन-तीन महिने अर्धवेळ बसा. तेवढं बसणं रेझ्युमेतली सगळ्यात वरची नोंद होते आणि गॅपच्या शेवटी एक चालू तारीख येते. दहा ऑनलाइन प्रमाणपत्रांपेक्षा या एका नोंदीचं वजन जास्त असतं, कारण तिथे कुणाच्या तरी खऱ्या वहीत तुम्ही हात घातलेला असतो.

मधल्या काळाची एक ओळ लिहावी: 'ऑगस्ट २०१६ – २०२३: कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम'. बस. मुलांची नावं, वयं, सासूबाईंचं आजारपण, यातलं काही नको. तुम्ही कुणापुढे सफाई देत नाही आहात. या काळात सोसायटीचे हिशेब पाहिले असतील, बचत गटाचं खातं आणि लेखापरीक्षणाची कागदपत्रं सांभाळली असतील, घरच्या दुकानाची बिलं केली असतील, तर ते याच ओळीखाली कामाच्या भाषेत लिहा: किती सभासद, कोणती वही, कोणतं सॉफ्टवेअर. बायका हे काम काम म्हणून मोजतच नाहीत आणि रेझ्युमेत सात वर्षं कोरी सोडतात. कृपा करून सोडू नका.

वैवाहिक स्थिती, पतीचं नाव, जन्मतारीख यांची खासगी कंपनीच्या रेझ्युमेत गरज नाही. हा नियम सगळ्यांनाच, पण परत येणाऱ्या बायकांना जास्त लागू, कारण त्या तीन ओळी वाचून नको ते अंदाज बांधले जातात. आधार आणि पॅनचा क्रमांकही कधीच टाकू नका. हा कागद कुणाकुणाच्या हातात जातो ते तुम्हाला कळत नाही.

स्पर्धा परीक्षेची वर्षं

सदाशिव पेठेत किंवा संभाजीनगरच्या अभ्यासिकेत चार-पाच वर्षं काढलेल्या मुलांचे रेझ्युमे दोन टोकांचे असतात. एक तर ती वर्षं गायब असतात, नाही तर अर्धं पान पूर्व-मुख्यच्या गुणांनी भरलेलं असतं. दोन्ही टाळा. एक नोंद पुरे: '२०१९–२०२३: एमपीएससी राज्यसेवेची पूर्णवेळ तयारी, मुख्य परीक्षेपर्यंत'. इथल्या एचआरच्या घरातही एखादा भाचा किंवा पुतण्या अभ्यास करत असतो, परीक्षा पुढे ढकलल्यावर मार्च २०२१ मध्ये पुण्याच्या रस्त्यावर मुलं उतरली होती हे त्यांनी पाहिलेलं आहे. त्यांना ही वर्षं समजावून सांगावी लागत नाहीत.

त्यांची शंका दुसरीच असते: जाहिरात निघाली की हा परत पळेल का? तयारी खरोखर थांबवली असेल तर तसं लिहा. थांबवली नसेल तर खोटं लिहू नका, पण मग पूर्णवेळ नोकरीऐवजी कोणतं काम झेपेल याचा आधी विचार करा.

या गटाने पदवी आणि आजचं कौशल्य वर घ्यावं. इंजिनिअर असाल तर पाच वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट आज कुणी विचारणार नाही, या सहा महिन्यांत काय शिकलात ते विचारतील. मराठी-इंग्रजी लेखन, आकडेवारी वाचणं, शासकीय योजनांची माहिती यांना मागणी आहे ती सामाजिक संस्था, सर्वेक्षणाची कामं, शिकवण्या, मजकूर लेखन आणि बँकांच्या ग्रामीण शाखा अशा ठिकाणी. तिथे अर्ज करत असाल तर हीच कौशल्यं नेमक्या पुराव्यासह वर आणा, उदाहरणार्थ अभ्यासिकेत किती मुलांना कोणता विषय शिकवला. आयटीत अर्ज करताना मात्र ती खाली जातील. यूपीएससीच्या मुलाखतीपर्यंत पोचून अंतिम यादीत न आलेल्यांसाठी आयोगाचं 'प्रतिभा सेतू' आहे. संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती तिथून नोकरी देणाऱ्यांना मिळते. तिथपर्यंत पोचला असाल तर ती एक ओळ ठळक लिहा.

माजी सैनिक

सैन्यात पंधरा-सतरा वर्षं काढलेल्यांचा रेझ्युमे हुद्दा, युनिट, पदकं आणि कोर्सच्या संक्षेपांनी भरलेला असतो. बाहेरच्या माणसाला त्यातलं काही कळत नाही आणि तो थेट सिक्युरिटी सुपरवायझरसाठी फोन करतो. ज्याने स्टोअर सांभाळलं, गाड्यांचा ताफा चालता ठेवला, सिग्नलची उपकरणं दुरुस्त केली, त्यालाही हाच फोन येतो.

साचा उलट्या कालक्रमाचाच ठेवा, पण प्रत्येक पोस्टिंगच्या नावाऐवजी कामाचं नाव पुढे आणा. 'हवालदार, स्टोअरकीपर टेक्निकल' याच्यापुढे लिहा: सुट्या भागांच्या साठ्याची नोंद, मागणी-पुरवठा, वार्षिक मोजणी, हाताखाली किती माणसं. वेअरहाउसच्या मॅनेजरला ही भाषा समजते. ड्रायव्हर असाल तर कोणती वाहनं, लायसन्सचा प्रकार, अपघात नसल्यास ते. माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत केलेला कोर्स शिक्षणात वर घ्या, तो नागरी जगाला वाचता येणारा पहिला कागद आहे. तैनातीची ठिकाणं आणि मोहिमांचे तपशील लिहू नका, ते इथे लागतही नाहीत.

फ्रेशर आणि बाकीचे

फ्रेशरसाठी सुरुवातीला सांगितलेला साचा थोड्या दुरुस्तीने चालतो. शिक्षण वर ठेवा आणि टक्के लिहा. दहावीपासून सगळीकडे ६० टक्के अशी अट घालणाऱ्या कंपन्या आहेत आणि आकडा नसला की अर्ज बाजूला पडतो. ऑब्जेक्टिव्ह काढा, त्या जागी इंटर्नशिप आणि प्रोजेक्ट घ्या. चार जणांच्या गटाने केलेल्या प्रोजेक्टमध्ये तुमचा भाग कोणता, एवढं लिहिलंत तरी पुष्कळ. एक पान. दोन-तीन वर्षं नोकरी झाली की शिक्षण खाली जातं आणि दहावीचे टक्के निघून जातात.

दहा वर्षांहून जास्त अनुभव असेल तर दोन पानं घ्या, पण शेवटच्या आठ-दहा वर्षांनाच जागा द्या, आधीचं तीन ओळींत. क्षेत्र बदलत असाल, उदाहरणार्थ मॅन्युअल टेस्टिंगमधून ऑटोमेशनकडे, तर मिश्र साचा, आणि जुन्या नोकरीतही नव्या कामाशी जोडलेलं जे केलं तेच मोठं करून लिहा.

काही ठिकाणी निवडीचा प्रश्नच नसतो. शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या कंत्राटी भरतीत विहित नमुना असतो, तिथे तोच भरायचा, क्रम बदलायचा नाही, सुशोभन करायचं नाही. कॉलेजात सहायक प्राध्यापकासाठी नेट-सेट, पीएच.डी., प्रकाशनं यांचा लांब शैक्षणिक सीव्ही लागतो, एका पानाचा नियम तिथे लावू नका. आणि रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत जे जहाजावर जातात त्यांच्यासाठी तक्ताच योग्य: रँक, जहाजाचं नाव आणि प्रकार, टनेज, चढल्याची-उतरल्याची तारीख, सोबत सीडीसी (खलाशाचं सेवापुस्तक), इंडोस (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीचा) क्रमांक आणि एसटीसीडब्ल्यू (आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण मानकांच्या) कोर्सेसची मुदत.

परदेशी जाणाऱ्यांनी देशागणिक वेगळी प्रत ठेवावी. अमेरिकेत फोटो, वय, वैवाहिक स्थिती काहीही नको. जर्मनीत तक्त्यासारखा, तारखांना काटेकोर असा सीव्ही चालतो, गॅप झाकलेले आवडत नाहीत, फोटो अजूनही बरेच जण लावतात पण तो सक्तीचा मागता येत नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांसाठी विचारणा करणारे वाढले आहेत. त्यांनी युरोपासचा विनामूल्य साचा वापरावा आणि जर्मनची पातळी, ए२, बी१ जी असेल ती, प्रमाणपत्राच्या तारखेसह वरच लिहावी. आखातासाठी फोटो, राष्ट्रीयत्व, पासपोर्टची मुदत आणि तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स असल्यास ते लिहिण्याची पद्धत आहे.

बदल केल्यावर काय बघायचं

एकाच वेळी सगळं बदलू नका, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही. आधी फाईल दुरुस्त करा आणि प्रोफाइल जुळवा. मग वरच्या पाच ओळी. मग मांडणी. एका साध्या वहीत तारीख, पद आणि कोणती प्रत पाठवली ते लिहीत जा. मूळ प्रती दोन पुरतात, फार तर तीन. प्रत्येक अर्जाला नवा रेझ्युमे करायचा नाही, जाहिरातीतले जे शब्द तुमच्या कामाला खरोखर लागू आहेत तेवढे वरच्या ओळींत आणायचे.

पाठवण्याआधी तुमच्याच क्षेत्रातल्या, पण तुम्हाला फारसं न ओळखणाऱ्या एखाद्या माणसाच्या हातात कागद द्या. अर्ध्या मिनिटाने परत घ्या आणि विचारा: मी काय काम करतो, शेवटचं कुठे आणि कधीपर्यंत केलं, आणि माझ्याबद्दल तुम्हाला काय खटकलं? घरच्यांना विचारू नका, त्यांना तुमच्याबद्दल सगळं माहीत असतं, त्यामुळे कागदात नसलेलंही त्यांना दिसतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अडखळत आली तर वरचा भाग पुन्हा लिहा. तिसऱ्या प्रश्नाला जे उत्तर येईल ती तुमची पहिली शंका. तिचं उत्तर कागदावर कितव्या ओळीत आहे ते मोजा, आणि ते पानाच्या मध्याखाली असेल तर वर आणा.